दोन यंत्रांमधला दुभाष्या

मोठ्या रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर अधूनमधून एक कागद चिकटवलेला आढळतो : ‘संगणकप्रणालीच्या देखभालीसाठी आज रात्री ११ ते पहाटे ४ या वेळेत काही सेवा बंद राहतील. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ रुग्णाच्या नातेवाइकांपैकी फार थोडे तो वाचतात आणि जे वाचतात त्यांनाही त्यातून फारसा बोध होत नाही. बिल उशिरा मिळेल, एवढाच अर्थ बहुतेक जण काढतात आणि पुढे जातात. आजच्या लेखात त्या कागदामागे काय चाललेले असते ते आपल्याला सांगण्याचा विचार आहे. कुटुंबाच्या आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात सर्व्हर आणि सॉफ्टवेअर यांची चर्चा कशाला, असा प्रश्न आपल्या मनात उमटेल. परंतु तपासणीचा निष्कर्ष वेळेवर, बरोबर आणि योग्य व्यक्तीच्या नावाने डॉक्टरांपर्यंत पोचणे हा उपचाराचाच एक भाग आहे. हा प्रवास आज ज्या सॉफ्टवेअरमधून होतो, त्याचे नावही आमच्यापैकी अनेक डॉक्टरांनी ऐकलेले नसते.

रुग्णालयात एकच एक संगणकप्रणाली असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. नोंदणी आणि बिलाची प्रणाली एका कंपनीची, पॅथॉलॉजीची दुसऱ्या, क्ष-किरण आणि सोनोग्राफी विभागाची तिसऱ्या. औषधभांडाराची आणखी कोणाची तरी आणि रक्तपेढीची बहुधा सर्वांत जुनी. प्रत्येकीचा जन्म वेगळ्या काळातला, वेगळ्या हातचा. एकीत रुग्णाचा क्रमांक सात आकडी, तर दुसरीत दहा आकडी. एक जन्मतारीख लिहिताना वर्ष आधी लिहिते, दुसरी दिवस. या सगळ्या एकमेकींशी थेट बोलू लागल्या तर लग्नघरात चार प्रांतांचे पाहुणे एकाच वेळी आपापल्या बोलीत बोलत आहेत असा प्रकार होईल. म्हणून मध्ये एक दुभाष्या बसवतात. त्याला इंटिग्रेशन इंजिन म्हणतात. प्रयोगशाळेचा निरोप तो ऐकतो, समोरच्या प्रणालीला कळेल अशा रूपात मांडतो, योग्य दारी पोचवतो आणि पोचपावती घेऊन परत येतो. मोठ्या रुग्णालयात अशी देवघेव दिवसभरात हजारोंनी होते.

या निरोपांची भाषा ठरवण्याचे काम १९८७ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या एचएल-सेव्हन या संस्थेने केले. तिच्या दुसऱ्या आवृत्तीचे निरोप आजही जगभरातील रुग्णालयांत सर्वाधिक वापरात आहेत. त्यांची रचना आपल्याला पाहायला मिळाली तर गंमत वाटेल. प्रत्येक ओळीच्या आरंभी तीन अक्षरी खूण असते : निरोप कोणाकडून कोणाकडे आणि केव्हा निघाला ते ‘एमएसएच’ या ओळीत, रुग्णाची ओळख ‘पीआयडी’ या ओळीत आणि प्रत्यक्ष निष्कर्ष ‘ओबीएक्स’ या ओळीत. ओळीतील एक माहिती संपून दुसरी सुरू झाली हे दाखवण्यासाठी मध्ये एक उभी रेघ असते. आपल्या जुन्या पोथ्यांतील दंडाची आठवण करून देणारी ती रेघ आहे. फरक एवढाच की पोथीतला एखादा दंड लिहायचा राहिला तर वाचणारा संदर्भाने समजून घेतो. येथे एक रेघ कमी पडली तर पुढची सारी माहिती एकेक घर मागे सरकते. मग आकड्याच्या जागी एकक, एककाच्या जागी सामान्य मर्यादा, अशी उलथापालथ होते.

अलीकडे ‘फायर’ या नावाची नवी पद्धतही रूढ होत आहे. भारतात २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने आरोग्यनोंदींच्या देवाणघेवाणीसाठी तीच स्वीकारली आहे. आपल्यापैकी ज्यांनी चौदा आकडी आभा क्रमांक काढला असेल, त्यांच्या नोंदी एका संस्थेतून दुसरीकडे जाताना याच भाषेत जातात. जुनी भाषा बोलणारी यंत्रे आणि नवी भाषा मागणारे जाळे यांच्यामध्ये उभे राहण्याचे काम पुन्हा या दुभाष्याकडेच येते.

अशा इंजिनांपैकी ‘मर्थ कनेक्ट’ हे एक नाव विशेष प्रसिद्ध आहे. २००६ साली कॅलिफोर्नियात ते मुक्त सॉफ्टवेअर म्हणून सुरू झाले. त्याचा आराखडा कोणालाही पाहता येई आणि वापरायला पैसे पडत नसत. त्यामुळे श्रीमंत रुग्णालयांप्रमाणेच लहान प्रयोगशाळांनीही ते स्वीकारले. ते जावा या भाषेत लिहिलेले असून बऱ्याच ठिकाणी लिनक्सच्या सर्व्हरवर चालते. लिनक्स हीदेखील अशीच मुक्त कार्यप्रणाली. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला. महिनोन्‌महिने बंद न करता चालवता येते, अशी तिची ख्याती आहे आणि ती रास्त आहे.

मात्र या ख्यातीतूनच एक गैरसमज जन्माला आला. ‘आमचा सर्व्हर दोन वर्षांत एकदाही बंद केलेला नाही,’ असे एखादा व्यवस्थापक अभिमानाने सांगतो, तेव्हा संगणकाचा जाणकार दचकतो. कार्यप्रणालीच्या गाभ्यातील बहुतेक सुरक्षादुरुस्त्या लागू व्हायच्या तर यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू करावेच लागते. दोन वर्षे अखंड चाललेला सर्व्हर म्हणजे बहुधा दोन वर्षे दुरुस्तीच न मिळालेला सर्व्हर. ‘मी आयुष्यात कधी रक्तदाब मोजला नाही, मला काही होत नाही,’ असे सांगणारे साठीचे गृहस्थ आणि हा सर्व्हर यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

सॉफ्टवेअरलाही वय असते. सेंटओएस-सात ही लिनक्सची एक अतिशय लोकप्रिय, विनामूल्य आवृत्ती २०१४ मध्ये आली. दहा वर्षे तिला दुरुस्त्या मिळत राहिल्या आणि ३० जून २०२४ रोजी तिचा आधार संपला. त्या दिवशी कोणतेही यंत्र बंद पडले नाही. रुग्णांची नोंदणी झाली, अहवाल निघाले, सारे नेहमीप्रमाणे चालले. मात्र त्यानंतर तिच्यात जी काही उणीव सापडेल ती भरून देण्याची जबाबदारी मूळ प्रकल्पाकडे राहिली नाही. मुदत संपलेल्या लसीची कुपी बाहेरून अगदी ताज्या कुपीसारखीच दिसते, तसे हे आहे.

आता २०२३ सालची हकीकत ऐका. मर्थ कनेक्टमध्ये एक गंभीर छिद्र असल्याचे त्या वर्षी उघडकीस आले. बाहेरून आलेली माहिती उलगडून घेताना ती नेमकी कशाची आहे याची पुरेशी शहानिशा होत नव्हती. परिणामी पासवर्ड माहीत नसलेल्या परक्यालाही त्या सर्व्हरला हवे ते काम करायला लावणे शक्य होते. कंपनीने ४.४.० ही सुधारित आवृत्ती काढली. ज्यांनी ती तत्परतेने बसवली त्यांना वाटले की काम झाले. परंतु होरायझन३.एआय या सुरक्षाविषयक संशोधन करणाऱ्या कंपनीने तपासले, तेव्हा ती दुरुस्ती अपुरी असल्याचे दिसले. पहिल्या दुरुस्तीत रखवालदाराच्या हाती ज्ञात चोरांची यादी दिली होती. त्या यादीत नसलेला नवा चोर सहज आत येई. ऑक्टोबर २०२३ मध्ये ४.४.१ ही आवृत्ती आली आणि तिच्यात ती यादी काढून घेऊन रहिवाशांची यादी देण्यात आली. यादीत नाव असेल तोच आत, बाकी सगळे बाहेर. त्या वेळी बाराशेहून अधिक मर्थ सर्व्हर इंटरनेटवरून थेट दिसत होते, असे संशोधकांना आढळले. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने हे छिद्र प्रत्यक्ष हल्ल्यांसाठी वापरले जात असल्याची नोंद आपल्या अधिकृत सूचीत केली. म्हणजे दुरुस्ती उपलब्ध झाल्यानंतर सात महिन्यांनीही ते छिद्र उपयोगी पडावे इतके सर्व्हर तसेच उघडे होते.

असा सर्व्हर परक्याच्या हाती गेला तर काय होते याची कल्पना करणे कठीण नाही. दुभाष्याला घरातल्या सगळ्यांच्या गोष्टी ठाऊक असतात. रुग्णाचे नाव, पत्ता, निदान, औषधे सारे त्याच्या हातून जाते आणि त्याची एक प्रत तो काही काळ स्वतःजवळ ठेवतो. रुग्णालयाची संगणकयंत्रणा कोलमडणे म्हणजे काय, हे आपण भारतातही पाहिले आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. त्यात पाच सर्व्हर बाधित झाले आणि कित्येक दिवस नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे कागदावर करावी लागली. हे छिद्र वेगळे, तो हल्ला वेगळा. रांगेत उभ्या असलेल्या रुग्णाला त्या फरकाशी देणेघेणे नसते.

मग दुरुस्ती आली की लगेच बसवून टाकावी, असे आपण म्हणाल. येथे माझ्या व्यवसायातील एक तत्त्व आडवे येते. शस्त्रक्रिया कितीही आवश्यक असली तरी रुग्णाची पूर्वतपासणी केल्याशिवाय त्याला टेबलावर घेत नाहीत. इंजिनाचा अपग्रेड हीदेखील चालत्या शरीरावरची शस्त्रक्रिया आहे. ती कशी करतात हे मी या क्षेत्रात काम करणाऱ्या एका तरुणाकडून रात्री उशिरापर्यंत बसून समजून घेतले. जे पाहिले त्याने मी प्रभावित झालो, हे मोकळेपणाने सांगतो.

प्रथम खऱ्या सर्व्हरची हुबेहूब प्रतिकृती वेगळ्या यंत्रावर उभी करतात. तिच्यातून नावे-पत्ते पुसलेले शेकडो जुने निरोप जुन्या आवृत्तीतून एकदा आणि नव्या आवृत्तीतून एकदा पाठवतात आणि दोन्हीकडून बाहेर पडलेले निरोप अक्षर अन् अक्षर ताडून पाहतात. एका दशांशचिन्हाचा फरक आढळला तरी काम थांबते. प्रत्येक वाटेला या मंडळींच्या भाषेत चॅनेल म्हणतात : प्रयोगशाळेकडून वॉर्डाकडे एक चॅनेल, नोंदणीकडून क्ष-किरण विभागाकडे दुसरे. या सर्व चॅनेलांची मांडणी, आतील माहितीचा साठा, मांडणीच्या फाइली आणि गुप्तलिपीच्या किल्ल्यांची फाइल यांचा पूर्ण बॅकअप घेतात. किल्ल्यांचा विशेष उल्लेख अशासाठी की ती एक फाइल मागे राहिली तर गुप्त स्वरूपात साठवलेले जुने निरोप नव्या यंत्रावर कोणालाच उघडता येत नाहीत. तिजोरी नव्या घरी आणली आणि किल्ली जुन्या घराच्या खुंटीवर राहिली, असा प्रकार.

बॅकअप घेतला एवढ्याने तो तरुण समाधानी नव्हता. तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून, चालवून पाहिल्याखेरीज त्याला तो बॅकअप म्हणायला तयार नव्हता. त्याचे कारणही त्याने दिले. नवी आवृत्ती प्रथम सुरू होते तेव्हा ती आतल्या माहितीच्या साठ्याची रचनाच बदलते. एकदा ती बदलली की जुनी आवृत्ती तो साठा वाचू शकत नाही. परतीचा रस्ता एकच : बॅकअप. शल्यचिकित्सक रक्ताची बाटली जवळ आहे याची खात्री करूनच पहिला छेद घेतो, त्यातलीच ही सावधगिरी.

कार्यप्रणाली, जावा आणि इंजिन ही तिन्ही एकाच रात्री बदलायची नाहीत, हादेखील त्याचा दंडक होता. तिन्ही एकदम बदलली आणि बिघाड झाला, तर दोष कोणाचा हे कळत नाही. तीन नवी औषधे एकाच दिवशी सुरू केल्यावर अंगावर पुरळ आले तर आम्हा डॉक्टरांची जी पंचाईत होते, तीच ही.

प्रत्यक्ष रात्री आधी निरोप येण्याची दारे बंद करतात आणि वाटेत असलेले निरोप मुक्कामी पोचू देतात. त्यानंतरच इंजिन थांबते. मधल्या काळात प्रयोगशाळेची प्रणाली आपले निरोप स्वतःजवळ रांगेत धरून ठेवते. इंजिन पुन्हा उभे राहिले की ही रांग क्रमानेच सोडावी लागते. क्रम का महत्त्वाचा, तर एकाच तपासणीचे प्राथमिक निष्कर्ष, अंतिम निष्कर्ष आणि कधी सुधारित निष्कर्ष असे तीन निरोप एकामागून एक निघालेले असू शकतात. सुधारित आधी आणि प्राथमिक नंतर पोचला, तर जुना आकडा नव्याच्या जागी जाऊन बसण्याचा धोका असतो.

या सर्व काळात अतिदक्षता विभाग काही झोपत नाही. रात्रीची वेळ निवडतात ती वर्दळ कमी म्हणून. धोका रात्री कमी होतो असे मुळीच नाही. म्हणून चांगल्या रुग्णालयात त्या रात्रीपुरती जुनी पद्धत जागी होते : छापील फॉर्म, हाताने लिहिलेला अहवाल आणि जीवाला धोका दर्शवणारा आकडा असेल तर प्रयोगशाळेतून थेट फोन. ऐकणाऱ्या परिचारिकेने तो आकडा परत उच्चारून दाखवायचा आणि वेळेसह लिहून ठेवायचा. पहाटे यंत्रणा सुरू झाल्यावर कागदावरच्या सगळ्या नोंदी संगणकात भरणे हे शेवटचे आणि सर्वांत कंटाळवाणे काम. तेथेच चुका होतात, कारण तोवर सगळे दमलेले असतात.

यंत्रणा सरळ बंद पडली तर निदान सगळ्यांना कळते. फोन वाजू लागतात, धावपळ होते, मार्ग निघतो. खरा घात करते ती मूक बिघाडाची अवस्था, ज्यात सारे सुरळीत दिसते आणि एखादी वाट मात्र बंद असते.

काही काळापूर्वीचा एक प्रसंग आहे. सत्तरीच्या एक आजी बरीच वर्षे माझ्याकडे येतात. मधुमेह, मूत्रपिंडाचे काम काहीसे मंदावलेले, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हृदयतज्ज्ञांनी सुरू केलेले स्पायरोनोलॅक्टोन. दोन दिवसांपासून पायांत बळ नाही आणि मळमळते, अशी तक्रार घेऊन त्या सकाळी आल्या. या दोन औषधांच्या जोडीने पोटॅशियम वाढू शकते. म्हणून रक्त ताबडतोब एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पाठवले. तेथील अहवाल मला मोबाइलवर दिसतात. दुपारी दोनपर्यंत काही दिसले नाही, म्हणून मी प्रयोगशाळेत फोन केला. तेथील तंत्रज्ञ म्हणाल्या, ‘डॉक्टर, तो तर साडेअकरालाच पाठवला. आमच्याकडे पोचपावतीही आहे.’ पोटॅशियम ६.४ होते. आजींना तासाभरात दाखल केले, ईसीजी काढला, कॅल्शियमचे इंजेक्शन आणि पुढील उपचार झाले आणि चौथ्या दिवशी त्या घरी गेल्या. चौकशीअंती कळले ते असे : आदल्या रात्री इंजिनाचा अपग्रेड झाला होता. सारी चॅनेले सुरू झाली होती. मात्र बाहेरच्या डॉक्टरांना अहवाल पाठवणारे एक चॅनेल ‘थांबलेले’ या अवस्थेतच राहिले होते. इंजिनाने प्रयोगशाळेचा निरोप स्वीकारला, पोचपावती दिली आणि पुढची वाट बंद असल्यामुळे तो तेथेच राहिला.

पोचपावतीचा अर्थ नीट समजून घ्यावा. टपालवाल्याने पाकीट दारात दिले आणि कोणीतरी सही केली, एवढेच ती सांगते. पत्र कोणी उघडले का, वाचले का, त्यावर काही केले का, यांपैकी काहीही ती सांगत नाही.

हा प्रकार आपल्याकडेच होतो असे नाही. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी असलेल्या रुग्णालयांपैकी वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे ऑक्टोबर २०२० मध्ये नवी आरोग्यनोंद प्रणाली बसवली गेली. डॉक्टरांनी लिहिलेली जी मागणी नेमकी कोठे पाठवायची हे तिला कळत नसे, ती मागणी एका ‘अज्ञात रांगे’त जाऊन पडे. लिहिणाऱ्या डॉक्टरला याची सूचना मिळत नसे. जून २०२१ पर्यंत अकरा हजारांहून अधिक मागण्या त्या रांगेत साठल्या होत्या. त्यांत तपासण्या होत्या, तज्ज्ञांकडे पाठवण्याच्या चिठ्ठ्या होत्या, पुढच्या भेटी होत्या. जुलै २०२२ मध्ये तेथील महानिरीक्षकांच्या अहवालातून हे जगासमोर आले आणि रुग्णांना हानी पोचल्याच्या १४९ घटना त्यात नमूद झाल्या. तो दोष इंटिग्रेशन इंजिनाचा नव्हता, प्रणालीच्या मांडणीचा होता. पण रोगाची जात तीच : निरोप निघाला, पोचला नाही आणि ओरड झाली नाही.

आम्ही शस्त्रक्रियेची उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करतो तेव्हा यंत्र चालू होते, दिवा लागला होता, एवढ्यावर विसंबत नाही. आत एक पट्टी ठेवलेली असते, तिचा रंग बदलला आहे की नाही हे पाहतो. अपग्रेडनंतर हेच व्हायला हवे. प्रत्येक वाटेने एक काल्पनिक रुग्णाचा निरोप पाठवावा आणि तो दुसऱ्या टोकाच्या पडद्यावर माणसाने डोळ्यांनी पाहावा. ‘सर्व्हर हिरवा दिसतो’ हा पुरावा नव्हे.

मूक बिघाडांचे आणखी दोन प्रकार मराठी वाचकाने मुद्दाम जाणून घ्यावेत असे आहेत. पहिला आपल्या लिपीचा. देवनागरीतले नाव संगणकात बरोबर राहण्यासाठी युनिकोडची यूटीएफ-आठ ही लेखनपद्धती दोन्ही टोकांना आणि मधल्या दुभाष्यालाही चालू असावी लागते. जावाच्या अठराव्या आवृत्तीपूर्वी कोणती पद्धती वापरायची हे ती सर्व्हरच्या भाषाविषयक मांडणीवरून ठरवत असे. लिनक्सवर एखादी सेवा पार्श्वभूमीत सुरू करताना ही मांडणी सांगायची राहिली, तर ती साध्या इंग्रजी अक्षरांवर येऊन थांबते. परिणाम असा की काल ‘ज्ञानेश्वर’ असलेले नाव आज प्रश्नचिन्हांची माळ होऊन येते. क्रमांक बरोबर असल्यामुळे अहवाल योग्य फाइलमध्ये जातोही, परंतु नाव पाहून खात्री करण्याची माणसाची सोय नाहीशी होते. प्रत्येक वॉर्डात दोन सुनीता असलेल्या आपल्या प्रदेशात ही सोय बहुमोल आहे.

दुसरा वेळेचा. भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे. नवा सर्व्हर पुष्कळदा जागतिक वेळेवर ठेवलेला असतो आणि दुभाष्याला ते सांगितलेले नसेल, तर सकाळी सातला घेतलेली उपाशीपोटीची साखर अहवालात रात्री दीडला घेतल्यासारखी दिसते आणि जेवणानंतरची साडेनऊची पहाटे चारची होते. तारीख बदलण्याच्या सुमारास तर कालचे आणि आजचे आकडे एकमेकांत मिसळतात. इन्सुलिनची मात्रा अशा आकड्यांवर ठरत असते.

याहून कमी थरारक, पण कदाचित सर्वांत जास्त वेळा घडणारे कारण म्हणजे भरलेली डिस्क. इंजिन प्रत्येक निरोपाची प्रत ठेवते आणि ठरावीक मुदतीनंतर ती काढून टाकायला त्याला सांगून ठेवावे लागते. ते सांगायचे राहिले तर माळ्यावरच्या रद्दीसारख्या प्रती साठत जातात आणि एके दिवशी जागा संपून सारेच ठप्प होते. हे काम रोज पाच मिनिटांचे आहे. ते करणारा माणूस नेमलेला असतो का, हा खरा प्रश्न आहे. पुष्कळ ठिकाणी तळघरातल्या वातानुकूलित खोलीत एकच तरुण असतो, प्रिंटरची शाई बदलण्यापासून या सर्व्हरपर्यंत सारे तोच पाहतो आणि तो सुट्टीवर गेला की पासवर्डही सुट्टीवर जातो. नव्या एमआरआय यंत्राचे उद्‌घाटन होते, फोटो छापून येतात. ज्या सॉफ्टवेअरमधून त्या एमआरआयचा अहवाल जातो त्याच्या देखभालीचा खर्च मंजूर करून घेण्यासाठी मात्र या मुलाला चार वेळा अर्ज करावा लागतो. ऑक्सिजनच्या टाकीइतके महत्त्व या खर्चाला द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा खर्च आता टाळताही येणार नाही. मार्च २०२५ मध्ये मर्थ कनेक्टच्या मालक कंपनीने ४.६ या आवृत्तीपासून ते सशुल्क परवान्याखाली नेले. ४.५.२ ही शेवटची मुक्त आवृत्ती ठरली. तिच्यावरून काही जाणकारांनी ‘ओपन इंटिग्रेशन इंजिन’ या नावाची मुक्त शाखा पुढे चालवायला घेतली आहे. विनामूल्य म्हणून ते स्वीकारलेल्या रुग्णालयांना पैसे भरणे, नव्या शाखेकडे वळणे किंवा आहे तेथेच थांबणे, यांतून निवड करावी लागेल. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त वाटतो. सेंटओएस-सातची गोष्ट त्यांनी आठवावी.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याला सर्व्हर सांभाळायचा नाही, परंतु काही सवयी लावून घेता येतात. रक्त देताना ‘अहवाल किती वाजता मिळेल?’ हे विचारावे आणि ती वेळ लिहून ठेवावी. वेळ टळून गेली तर ‘काही आले नाही, म्हणजे सगळे ठीक असेल,’ असे समजू नये. फोन करावा, तोही डॉक्टरांकडे आणि प्रयोगशाळेकडे, दोन्हीकडे. अहवाल हाती आल्यावर आकड्याआधी नाव, वय आणि नमुना घेतल्याची वेळ वाचावी. मग आकड्याशेजारचे एकक पाहावे. परदेशी असलेल्या मुलाकडे तपासलेली साखर काही देशांत मिलिमोलमध्ये येते आणि आपल्याकडची मिलिग्रॅममध्ये. तिकडची ७ म्हणजे इकडची सुमारे १२६. घरातल्या ज्येष्ठांच्या महत्त्वाच्या अहवालांची छापील प्रत आणि चालू औषधांची यादी एका फाइलमध्ये ठेवावी. रात्री-अपरात्री दाखल करण्याची वेळ आली आणि नेमकी खिडकीवर ती सूचना चिकटवलेली असली, तर ती फाइल कोणत्याही सर्व्हरपेक्षा लवकर उघडते.

रुग्ण आधीच दाखल असेल आणि अशी सूचना दिसली, तर वॉर्डातील मुख्य परिचारिकेला शांतपणे विचारावे की आज रात्री तातडीचे अहवाल आपल्यापर्यंत कसे येणार आहेत. ‘प्रयोगशाळा फोन करणार आहे, आम्ही वहीत लिहून घेणार आहोत,’ असे उत्तर मिळाले तर निश्चिंत असावे. उत्तर मिळाले नाही, तर रात्रपाळीच्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे, तेही अकरा वाजण्याच्या आत. दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीच्या वेळी, काल रात्री घेतलेल्या रक्ताचा आकडा फाइलमध्ये आला आहे का, एवढे आपण होऊन विचारावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मला तरी असे विचारणारे नातेवाईक नेहमीच आवडतात.